नळीवरची गाठ

सेनगावजवळच्या गोरेगावच्या जीप स्टँडवर नेमसिंगला कुणी नेमसिंग म्हणत नव्हतं. म्हणायचे, इंजनखाऊ. बारा वर्षं पुण्याच्या रेसिंग गॅरेजात घासून आलेल्या माणसाला हे नाव! पण तीन वर्षांपूर्वी त्यानं एका महागड्या गाडीचं इंजिन जाळलं आणि शेठनं हाकललं, ही बातमी त्याच्या आधी तांड्यावर पोचली होती. तेव्हापासून जीपवाले त्याच्या टपरीवर फक्त पंक्चर आणायचे. इंजिनाचं काम निघालं की सरळ सेनगाव गाठायचे. सख्खा चुलतभाऊ लालसिंग, तोसुद्धा!

इंजिन त्यानं जाळलंच नव्हतं. पण ऐकतो कोण?

आणि एका मंगळवारी तीच गाडी टेम्पोवर लादून टपरीसमोर आली. तांबडी, बुटकी, जपानी. सोबत मालक, नांदेडचे डॉक्टर प्रेमानंद. नवं इंजिन घालूनही गाडी जोर धरत नव्हती म्हणे.

"ज्यानं बिघडवली त्यानंच नीट करावी," डॉक्टर म्हणाले. ना नमस्कार, ना चमत्कार.

नेमसिंगच्या ओठांवर शिवी आली होती. पण गाडी समोर उभी, हात काही ऐकेनात. त्यानं बॉनेट उघडलं.

या इंजिनाची जातच न्यारी. पिस्टन नाही, आत तिकोनी रोटर गरगर फिरतो आणि टर्बो त्यात हवा कोंबतो. गाडी उभी असली की हवेची मोठी झडप मिटलेली असते. तेव्हा इंजिन बंद पडू नये म्हणून एक बारकी नळी झडपेला वळसा घालून थोडी हवा आत सोडते. ही नळी टर्बोच्या पुढच्या, दाबाच्या पाइपातूनच निघायला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या गॅरेजातल्या इंजिनिअरनं नवा मोठा पाइप बसवला, त्याला नळीसाठी तोंडच नव्हतं. तर ह्या बहाद्दरानं नळी उचलून टर्बोच्या अलीकडं, बिनदाबाच्या फिल्टरच्या बाजूला खुपसली.

नेमसिंग तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, दाब आला की हवा उलटी फिरंल. पाइपाला भोक पाडून तोंड बसवू."

"तू पाने दे," इंजिनिअर म्हणाला होता. मग जोर मिळेना म्हणून त्यानं टर्बोचा दाब वाढवला, आणखी वाढवला, आणि इंजिन गेलं. खापर फुटलं नेमसिंगच्या डोक्यावर.

तीन वर्षांनीही नळी तिथंच खुपसलेली होती. इंजिन बदललं, पण नळ्या जुन्याच ठेवल्या आणि ह्या नळीची जागा बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. नेमसिंगनं बॅटरी मारली आणि त्याचा हात थांबला. नळीच्या टोकाला लाल दोरा होता.

त्याची एक सवय होती. आई पारुबाई तांड्यावर भरतकाम करायची. तिच्याकडचा लाल दोरा तो सोबत ठेवायचा. आपण जोडलेल्या प्रत्येक नळीच्या टोकाला कापडी पट्टी गुंडाळायची आणि त्यात तीन टाके घालायचे. पुण्याचं अख्खं गॅरेज त्याला हसायचं.

"हा दोरा कुणी बांधला?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच की. शेठनं मला तेव्हाच दाखवला. म्हणाले, बघा, हे नेमसिंगचं काम."

असं होतं तर! इतका जीव लावणारा शेठ एका दिवसात काहून फिरला, हे नेमसिंगला तीन वर्षं कळलं नव्हतं.

"डॉक्टरसाहेब, मी गाठ मारत न्हाई. टाका घालतो. ह्या बाकीच्या नळ्या बघा."

डॉक्टरांनी वाकून एकेक नळी बघितली. सगळीकडं पट्टी, सगळीकडं तीन टाके. फक्त ह्या एकीवर उघड्या रबरावर मारलेली गाठ. त्यांचा चेहरा उतरला.

"गाडी नीट करून देतो," नेमसिंग म्हणाला. "पैसा नको. फकत स्टँडवर चार माणसांत खरं काय ते सांगा. आमाला ह्या गावात राहायचंय."

"गाडी पळाली तर सांगेन. शब्द देतो."

नेमसिंगनं मोठा पाइप उतरवला, भोक पाडलं, आटे पाडले, फवारणी पंपाचं पितळी निप्पल त्यात आवळलं आणि नवी नळी तिथून झडपेमागं नेली. पट्टी गुंडाळली, तीन टाके घातले. गाडी चालू केली तर एका सुरात गुरगुरायला लागली. डॉक्टर सेनगाव रोडवर एक फेरी मारून आले ते लहान लेकरासारखे हसत. त्या आनंदातच त्यांनी इंजिनिअरला फोन लावला, स्पीकर सुरू ठेवून.

"अरे, झाली गाडी! नळीच चुकीची होती. आणि तो दोरा कुणी बांधला होता रे?"

पलीकडून हसू आलं. "मीच. शेठला कुणाचं तरी नाव पाहिजे होतं ना. जाऊ दे भाऊजी, तो नेमसिंग गावाकडं मजेत असेल."

डॉक्टरांनी घाईघाईनं फोन कापला.

"चला स्टँडवर," नेमसिंग म्हणाला.

"अहो, तो माझा मेव्हणा आहे. आता स्वतःचं गॅरेज काढतोय. इथलं बोलणं तिथं पोचलं तर घरात तमाशा होईल. पैसे सांगा ना, दुप्पट देतो."

"तुमी शब्द दिला होता."

"समजून घ्या हो. जुनी गोष्ट आहे."

नेमसिंगच्या डोक्यात सणक गेली. त्यानं पाना उचलला. निप्पल काढलं, भोकात बोल्ट आवळला आणि गाठीची नळी परत फिल्टरच्या बाजूला खुपसली. डॉक्टर ओरडत होते, त्यानं मान वर केली नाही.

"जशी आणली तशी न्या," तो म्हणाला. "अन् जोरात पळवू नका, न्हाई तर हेबी इंजिन जाईल."

टेम्पोवर गाडी चढली, टेम्पो स्टँडकडं गेला आणि चहाला थांबला.

दिवस मावळायला लालसिंग पंक्चर टायर ढकलत आला.

"डॉक्टर स्टँडवर सांगून गेला," तो टायर टेकवत म्हणाला. "तुमच्या मेकॅनिकला इंजिनातलं काई कळत न्हाई, म्हणे. मी म्हणलं, साहेब, आमाला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं."

नेमसिंगनं त्याच्याकडं बघितलं. सांगावं, सगळं सांगावं असं त्याच्या मनात फार आलं. पण गाडी तर सगळ्या स्टँडदेखत टेम्पोवरूनच परत गेली होती.

"ठेव हितं," तो म्हणाला आणि टायर आडवा पाडला.