गाभाऱ्यात तीस चादरी

आमच्या गल्लीत दोन देव राहायचे, अगदी हाकेला धावणारे. एका टोकाला उन्हाचा, दुसऱ्या टोकाला पावसाचा, आणि मधोमध माझ्या धोबीण आत्याची दोरी. दवाखान्याच्या तीस चादरी तिला संध्याकाळपर्यंत कोरड्या द्यायच्या होत्या, नाहीतर ते काम कायमचं हातचं जाणार होतं.

पण उन्हाच्या भक्तांनी घंटा बडवली की लख्ख ऊन पडायचं, आणि लगेच ईर्ष्येने पावसाचे भक्त आपली घंटा बडवायचे. आत्याने सात वेळा चादरी काढल्या, सात वेळा परत घातल्या. शेवटी ती उन्हाच्या पुजाऱ्याकडे गेली.

"आधी आमच्या पंथात या, मग गाऱ्हाणं सांगा."

मग ती पावसाच्या पुजाऱ्याकडे गेली, तर तो म्हणाला, "तुम्ही त्यांच्या पायरीवर चढलात, आम्ही पाहिलं!"

"मेल्यांनो, तुमच्या चढाओढीत माझं पोट मारलं जातंय!" असं म्हणत आत्या तणतणत पावसाच्या गाभाऱ्यातच शिरली. बघते तर काय, देव बरसायला बाहेर गेलेला आणि आत सगळं कोरडं ठणठणीत! तिने तिथेच दोऱ्या बांधून तीसही चादरी टांगल्या.

थोड्या वेळाने देव निथळत घरी आला.

"तिथंच थांबा! चादरी वाळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही."

"अहो बाई, मी देव आहे."

"म्हणून तर अहो-जाहो करतेय!"

दवाखान्याची गाडी चादरी घेऊन जाईपर्यंत देव पायरीवर बसून होता. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, त्या पायरीवर अजून शेवाळ आहे.