पेटीवरचे पाय

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, सुरांची. इंदूरच्या एका कापड गिरणीतल्या भजनी मंडळाने मला हौसेने घेतलं. गणेशोत्सवात माझ्या सुरावर अख्खं खातं डोलायचं. मग गिरणीला कुलूप लागलं, मंडळ पांगलं. तिथले कारकून नंदूभाऊ मला सायकलवर बांधून घरी घेऊन आले, आणि मी पलंगाखाली धूळ खात पडले.

तुकोगंजच्या देवळात आनंदीबाईंची कीर्तनं सुरू झाली, तेव्हा माझ्या भात्यात पुन्हा वारा भरला. नंदूभाऊ मला साथीला नेत आणि फार जपत. कुणाचा पाय चुकून लागला, तर त्याला नमस्कार करायला लावत.

त्या संध्याकाळी भरतभेटीचं आख्यान नुकतंच संपलं होतं. पलासियात नवं ऑफिस थाटलेल्या एका भक्ताने खडीसाखरेऐवजी काजूकतली वाटली. नंदूभाऊंची लेक अमिता कुरकुरली, काजूने घशात खाजतं म्हणाली.

"प्रसादाला नाही म्हणू नये, बेटा," नंदूभाऊ म्हणाले.

तिने खाल्ली. थोड्याच वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी पाजा, असं जो तो सांगू लागला. लोक तिला उठवून बसवायला गेले, तर ती पांढरीफटक पडून कलंडली.

समोरच्या दवाखान्यातल्या नर्स शालिनीताई कीर्तनाला आल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना आणायला माणूस पिटाळला आणि अमिताला आडवं केलं.

"हे नुसतं पित्त नाही. काही पाजू नका, उठवू नका. पायांखाली काहीतरी उंच द्या."

जवळ मीच होते. नंदूभाऊंचे हात माझ्यावर आले आणि थबकले.

आनंदीबाई म्हणाल्या, "नंदूभाऊ, भरताने पादुका डोक्यावर घेतल्या. इथे तर साक्षात पाय आहेत. सरकवा पेटी."

दोन गार टाचा माझ्या झाकणावर आल्या. डॉक्टरांनी आल्या आल्या मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं. जन्मभर मी वारा घेतला आणि सोडला, पण दुसऱ्याच्या श्वासाकडे असा कान कधी लावला नव्हता. हळूहळू तो मोकळा झाला. कतलीवाले भक्त रडवेले होऊन इंदुरी बोलीत नंदूभाऊंना म्हणाले, "भिया, गाडी अपनी बाहेरच आहे," आणि तिला देखरेखीसाठी इस्पितळात घेऊन गेले.

आता प्रसाद वाटताना नंदूभाऊच सांगतात, चालत नसेल तर डोळ्यांना लावून शेजारच्याला द्या, देवाला पोचतो. मित्रांनो, लेकरू घशात खाजतं म्हणालं तर ऐका. गांधी उठून आवाज बसला, श्वास अडला किंवा भोवळ आली, तर आमसूल शोधत बसू नका, डॉक्टर गाठा.

हल्ली अमिता मला वाजवायला शिकते. बसताना तिचा पाय मला लागतो, ती हात जोडायला जाते. नंदूभाऊ म्हणतात, "राहू दे बेटा. पेटीच्या ओळखीचे आहेत ते पाय."