डीफ्रॅग चालू, चक्की बंद

कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची नियमित निगा राखणं हे शिस्तीच्या माणसाचं लक्षण आहे. फायलींचे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे गोळा करावेत, एकाशेजारी एक नीट लावावेत, यंत्राचा शीण घालवावा, ही एक प्रकारची साधनाच म्हणायची. उद्धव सर ही साधना दर रविवारी दुपारी जेवणानंतर करत. पद्धत साधी होती. कॉम्प्युटर सुरू करायचा, डीफ्रॅगचं बटण दाबायचं आणि पलंगावर आडवं व्हायचं. पडद्यावर तांबड्या-निळ्या रेघा सरकत राहायच्या आणि सर घोरत राहायचे.

संग्रामपूर तालुक्यातल्या त्या गावात सर हायस्कुलात गणित शिकवत. गावात घरी पहिला कॉम्प्युटर त्यांनी घेतला, त्याची शिक्षा म्हणून शाळेचे मार्क भरायचं काम कायमचं त्यांच्याकडे आलं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती भिंतीबद्दल. सरांच्या झोपायच्या खोलीची भिंत आणि रज्जाकभाईंच्या पिठाच्या चक्कीची भिंत एकच होती. चक्की सुरू झाली की फळीवरच्या कपबशा बोलायला लागत आणि पलंगावरचा माणूस गव्हाबरोबर दळून निघे. त्यात रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांवरून आलेली माणसं डबे ठेवून बाजाराला जात. गावात दुसरी चक्की होती भाऊरावांची, वेशीजवळ, डिझेल इंजिनावरची. तिच्या पिठाला डिझेलचा वास येतो असं सगळं गाव म्हणे. त्यामुळे गर्दी सगळी रज्जाकभाईंकडे, म्हणजे पर्यायाने सरांच्या उशाशी.

'मला दुपारी झोपायचं आहे, चक्की बंद ठेवा' असं एका कष्टाळू माणसाला सांगायला सरांची जीभ रेटेना. म्हणून पोळ्याच्या सुमारास एका रविवारी ते चक्कीवर गेले आणि खोटं बोलले. सर एरवी गावासारखंच बोलत. खोटं बोलताना मात्र ते शुद्ध मराठीत जात.

"रज्जाकभाई, माझ्या संगणकात एक अत्यंत नाजूक प्रक्रिया चालू असते. डीफ्रॅग म्हणतात तिला. तुमची मोटर सुरू झाली की व्होल्टेज खाली जातं. मध्येच काही झालं, तर शाळेची सगळी माहिती नष्ट होऊ शकते."

रज्जाकभाईंच्या भुवयांवर पीठ होतं. ते एकदम गंभीर झाले.

"मार्क बी त्याच्यातच हायेत का, सर?"

"सगळे मार्क त्यातच आहेत."

"मंग सर, आत्ताच बंद करतो. रविवारची दुपार तुमची. चार वाजल्याबिगर मी बटणाले हात नाही लावत."

आणि खरंच, पट्टा थांबला. सर घरी आले. इतकी गाढ झोप लागली की शरयूबाईंना चहासाठी तीनदा हाक मारावी लागली.

पुढचे काही रविवार असेच सोन्याचे गेले. मग एका रविवारी सर पडल्या पडल्या डोळे मिटत होते, तर खिडकीतून आवाज आला. केसरबाईंचा होता. डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन त्या उन्हातून आल्या होत्या.

"काऊन रे रज्जाक, चक्की बंद ठेवून बसला? बाजाराच्या दिवशी?"

"मावशी, सराच्या कम्प्युटरची सफाई चालू हाय आतमंदी. आपली मोटर चालली तं सगळं उडून जाते."

"त्याच्या कम्प्युटरले माह्या ज्वारीचं काय करायचं हाय? भाकरी खाते का तो?"

"हळू बोला, मावशी. आयशाचे मार्क हायेत त्याच्यात. दहावीले हाय पोरगी. एखादा मार्क इकडचा तिकडं झाला तं कोणाले विचारता?"

"मार्क चाटू काय मी? अन् भाऊरावकडं जाववत नाही बाप्पा, भाकर खाल्ली तं टॅक्टरवर बसल्यावाणी वाटते." डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. "राहू दे इथंच. संध्याकाळी येतो."

सर पलंगावर उठून बसले. आयशा त्यांच्याच वर्गात होती, दुसऱ्या बाकावर. बाप बाजाराच्या दिवसाच्या धंद्यावर पाणी सोडून बसला होता, कशासाठी, तर पोरीचे मार्क सांडू नयेत म्हणून. आणि मार्क राखणारे सर लुंगीवर होते.

त्या दुपारी सर झोपले नाहीत. पुढच्या रविवारीही नाही. चक्कीच्या आवाजात झोप लागत नव्हती, ती एक वेळ समजण्यासारखी गोष्ट होती. आता शांततेत लागेना. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नसे आणि ते काहीच न येणं सरांच्या कानात घणघणत राही. मधूनच रज्जाकभाई कुणाला तरी "श्श, सफाई चालू हाय" म्हणत. सर कूस बदलत.

"अहो, काय झालंय?" शरयूबाईंनी विचारलं. "आवाज होता तेव्हा आवाजाच्या नावानं बोटं मोडत होता. आता कशाच्या नावानं मोडताय?"

सरांनी खरं सांगितलं. शरयूबाई पोथीतलं पान उलटावं तितक्या शांतपणे मटार सोलत राहिल्या.

"मग जाऊन सांगा त्यांना."

"काय सांगू? झोपेसाठी तुमचा धंदा बंद पाडला म्हणून?"

"हो. तसंच तर झालंय."

बायकोच्या बोलण्यात हा एक दोष होता. तिला मधला मार्ग दिसत नसे. सरांना दिसला. त्यांनी रज्जाकभाईंना सांगितलं की आयशाला रविवारी दुपारी पाठवा, मी गणित पाहून देतो, फी वगैरे काही नको. रज्जाकभाईंचे डोळे भरून आले. सरांनी दुसरीकडे पाहिलं.

आता रविवारची व्यवस्था अशी झाली : सरांना झोपता यावं म्हणून चक्की बंद, आणि चक्की बंद आहे म्हणून सर जागे. आयशा वेळेवर येई. कॉम्प्युटर ज्या टेबलावर होता त्या टेबलाला ती स्पर्शही करत नसे. वही मांडीवर घेऊन जमिनीवर बसे, खोडरबरसुद्धा हलक्या हातानं चालवी.

"टेबलावर घे ना वही," सर म्हणत.

"नाही सर. अब्बा म्हणले, हादरा बसला तं डीफ्रॅग बिघडते."

आयशाची आई नूरजहांभाभी दर खेपेला पोरीबरोबर काहीतरी पाठवत. कधी शेवया, कधी गुळाच्या पुऱ्या, एकदा तर निव्वळ सरांसाठी वेगळ्या भांड्यात केलेली खीर. पुऱ्या फार चांगल्या असत. सर एकेक पुरी खाली उतरवत आणि तिच्याबरोबर मनावर एकेक धोंडा चढत जाई. शरयूबाई म्हणत, "तुमच्या पापाला चव आहे हो!"

दिवाळीला मुलगा गंधार पुण्याहून आला आणि वडलांना भेट म्हणून त्यानं कॉम्प्युटरची डिस्क बदलून दिली. महिनाभरानं फोनवर बोलता बोलता सरांच्या तोंडून डीफ्रॅगचा विषय निघाला.

"बाबा, नव्या डिस्कवर डीफ्रॅग करू नका हं. ही एसएसडी आहे. हिच्यात फिरणारं काही नसतंच. तुकडे गोळा करून काही फायदा नाही, उलट उगीच झिजते."

"म्हणजे करायचंच नाही?"

"काही गरज नाही. का? तुम्ही करताय का?"

"छे," सर शुद्ध मराठीत म्हणाले, "मी सहज विचारणा केली."

आतापर्यंत निदान खोट्याच्या आत एक खरी डीफ्रॅग होती. आता तीही गेली. पण रज्जाकभाई येता-जाता खिडकीतून पडद्याचा उजेड बघत आणि समाधानानं मान हलवत, म्हणून सर दर रविवारी कॉम्प्युटर नुसताच सुरू करून ठेवू लागले. पडद्यावर गंधारनं लावलेले रंगीत मासे पोहत. "किती मासे राहिले, सर?" असं रज्जाकभाईंनी एकदा खिडकीतून विचारलं. सर म्हणाले, "थोडेच."

माघात एका रविवारी केसरबाई पुन्हा आल्या. या वेळी डबा खाली ठेवला नाही.

"रज्जाक, आज मले ऐकायचंच नाही. नातीले पाह्याले पाव्हणे येऊन राह्यले, रोहिणखेडचे. यष्टीत बसले बी असतील. घरात चिमूटभर पीठ नाही. पाव्हण्यायले काय कम्प्युटर वाढू?"

"मावशी, सराची सफाई…"

"माही नात बिनलग्नाची राह्यली तं सर करतीन का तिचं लगन?"

खोलीत आयशा समीकरण सोडवत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिची पेन्सिल थांबली. सरांनी पडद्यावरच्या माशांकडे पाहिलं. मासे निवांत होते. सर उठले, पायात चपला सरकवल्या आणि चक्कीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"रज्जाकभाई, चक्की चालू करा."

"झाली का, सर, डीफ्रॅग?"

"नाही झाली. होतच नाही. डिस्कच बदलली, तिले डीफ्रॅग लागतच नाही." सर खरं बोलताना वऱ्हाडीत आले. "अन् आधी लागत होती तवा बी तुमच्या मोटरचा अन् तिचा काही संबंध नव्हता. मले दुपारी झोप येत नव्हती तुमच्या आवाजानं, म्हणून मी खोटं बोललो. मार्क कुठं उडत नाहीत. तुमचा बाजाराच्या दिवसाचा धंदा मी माह्या झोपेपायी बुडवला. तुम्हाले जे बोलायचं ते बोला."

केसरबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. "माय! गणिताचा मास्तर अन् असा?"

रज्जाकभाईंनी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि झाडलेलीच जमीन झाडायला लागले. सरांना वाटलं, माणूस दुखावला. शिवी परवडली असती.

"रज्जाकभाई, बोला काहीतरी."

"काही नाही, सर. होते असं. तुम्ही घरी जा, आराम करा."

"आराम कायचा? आधी चक्की चालू करा. बाईंचे पाव्हणे येऊन राह्यले."

"करतो, सर. चार वाजता करतो."

"चार कायले? आत्ता करा!" सरांना ते मोठेपण सहन होईना. ते स्वतः पुढे झाले, भिंतीवरच्या स्टार्टरपाशी गेले आणि हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. वर पिवळा बल्ब छान जळत होता. मोटर हूं की चूं करेना.

"लाइट तं हाय," सर म्हणाले.

रज्जाकभाईंनी झाडू भिंतीला टेकवला. मान खाजवली. भुवयांवरचं पीठ थोडं खाली सांडलं.

"बल्बापुरती हाय, सर. चक्कीले थ्री फेज लागते. रविवारी दुपारी थ्री फेज येतच नाही आपल्या लाइनले. चार वाजता येते."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. तुम्ही पह्यले आले होते न, तो एक रविवार म्या बंद ठेवली, खुदा की कसम. त्याच्या पुढच्या रविवारपासून वरूनच बंद झाली." त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. "लाइट नाही असं सांगितलं तं गिऱ्हाईक भाऊरावकडं जाते अन् तिकडचंच होते. तुमच्या कम्प्युटरचं नाव घेतलं तं डबा ठेवून जाते, संध्याकाळी परत येते. मंग तुम्ही आयशाचं गणित घ्याले लागले. मी घरात म्हणलं बी, की सराले सांगून टाकू. आयशाची अम्मी म्हणे, आधी बोर्डाची परीक्षा होऊ द्या."

"अन् पुऱ्या?"

"त्याच्यासाठीच, सर. मनाले बरं वाटत नव्हतं."

दोघे एकमेकांच्या पायांकडे पाहत उभे राहिले. सरांच्या खिडकीतून आयशानं विचारलं, "सर, एक्स ऋण आला तं चालते का?"

केसरबाईंनी दोघांकडे एकदा आळीपाळीनं पाहिलं, डबा पुन्हा डोक्यावर घेतला आणि वेशीकडे निघाल्या. भाऊरावांची चक्की इंजिनावर असल्यामुळे रविवारीही चालू असते.