दोन उत्तरांचा प्रश्न

देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेतून त्या वर्षी पाचवीच्या दोघीच नवोदयच्या परीक्षेला बसल्या, रोहिणी आणि रुपाली. रोहिणीचे वडील, सिद्धोधन, तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, रुपालीच्या घरी मेंढरं होती. नवोदय म्हणजे सहावीपासूनची सरकारी निवासी शाळा, हे दोघींना ठाऊक होतं. पण परीक्षेत आकृत्याच एवढ्या का, हे रोहिणीला उमगत नव्हतं.

"मॅडम, चारातलं वेगळं चित्र वळखून पेपर काढणाऱ्यायला आपलं काय कळतं?" तिनं सुकेशनी मॅडमना विचारलं.

"तूच एक प्रश्न काढून बघ," मॅडम म्हणाल्या.

रोहिणीनं फळ्यावर बैल, शेळी, मेंढी आणि कोंबडी काढली. रुपालीनं मेंढीवर बोट ठेवलं.

"चुकलं. कोंबडी. तिला दोनच पाय हायत."

"पण लोकर तर मेंढीचीच कातरतेत," रुपाली म्हणाली.

मॅडम हसल्या. "दोघींचंबी बरोबर. म्हणून प्रश्न कच्चा. पेपर काढणारा दुसरी वाट बंद करतो. त्यानं काय बघितलं, ते तुमी हुडकायचं."

मग दोघी एकमेकींसाठी प्रश्न काढायला लागल्या. दुसरं उत्तर निघालं की प्रश्न बाद. रोहिणीला तर सोडवण्यापेक्षा काढण्याचीच गोडी लागली.

परीक्षेच्या दिवशी सेलूच्या केंद्रावर ती एका आकृतीपाशी अडली. तिला दोन उत्तरं दिसत होती. पुढं जायचं सोडून, दुसरी वाट कुठं बंद केली तेच ती शोधत बसली. सापडली तेव्हा तिला हसूच आलं. पण वेळ संपली आणि शेवटचे प्रश्न तसेच राहिले.

रुपालीची निवड झाली. रोहिणीची झाली नाही. त्या दिवशी ती जेवलीच नाही. संध्याकाळी रुपाली दारात येऊन उभी राहिली.

"माझ्यावर रुसलीस का?"

"न्हाई गं. ती आकृती लय भारी होती, तुला आठवती का?"

रुपालीला आठवत नव्हती. रोहिणीनं ती काडीनं अंगणात काढून दाखवली. सिद्धोधनही वाकून बघायला लागले.

"नवोदयच्या नववीत जायलाबी एक परीक्षा असती म्हणं," ते म्हणाले.

"तिच्यात काय इचारतेत?"

"मला न्हाई माहीत. उद्या मॅडमना इचारू."

"आत्ताच जाऊ," रोहिणी म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.