डाव्या चाकातलं ग्रीस

मित्रांनो, मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, साधा हॉर्नसुद्धा नाही. मी एक जुना प्रवासी ट्रेलर आहे. म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं, चाकांवरचं छोटं घर. मोटार नेईल तिकडे जायचं, थांबेल तिथे थांबायचं. असा सगळा जन्म दुसऱ्याच्या मागे मागे गेला; पण गेला मोठ्या मजेत, खोटं कशाला बोलू!

एका लांबलचक शेडमध्ये मला जोडलं. पत्रेवाल्याने अंगावर पत्रा चढवला. सुताराने आत दोन बाक, एक घडीचं टेबल आणि चार कपाटं बसवली. शेवटच्या कपाटाचं दार त्याने अकरा वेळा उघडून लावून पाहिलं, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. खाली एकच आस, त्याला दोन चाकं, आणि दोन्ही चाकांत ब्रेक. मोटारीत ब्रेक दाबला की तारेतून वीज माझ्या चाकांपर्यंत येते आणि ब्रेकचे पट्टे चाकाच्या ड्रमला आतून घट्ट धरतात. दोन्ही चाकांनी सारखंच धरायला हवं. एकाने धरलं आणि दुसऱ्याने अंग काढून घेतलं, की मी वाकडा झालोच म्हणून समजा.

माझे मालक घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलायचे, तेव्हा बघणाऱ्याचा श्वास अडकायचा, त्यांचा नाही. मालकीण अंगाने भरलेली, बोलायला फटकळ, आणि काळजी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. दोघांना एकुलती एक लेक.

दर सुट्टीत आम्ही निघायचो. कधी तळ्याकाठी, कधी डोंगरात. एकदा तर वाट चुकून एका वीटभट्टीच्या आवारात मुक्काम पडला आणि तिथेच चार दिवस रमलो. लेक माझ्याच टेबलावर पाढे शिकली. तिचे पाय बाकाबाहेर यायला लागले, तेव्हा मालकांनी बाकाला वीतभर फळी जोडली. पुढच्या वर्षी आणखी एक. येणारे-जाणारे आत डोकावून म्हणायचे, "काय थाट आहे हो!" आणि मी आपला खूश. ते दिवस आठवले की अजूनही फार बरं वाटतं.

निघायच्या आधी मालक दोन्ही चाकांत ग्रीस भरत. चाकाच्या टोपीखाली ग्रीस आत घ्यायची एक बारीक तोटी, निपल, असते, तिला ग्रीसगन लावायची आणि मोजून सहा दाब द्यायचे. एक कमी नाही, एक जास्त नाही, घड्याळजीच ते! मग हात पुसत ते आत जात. आणि मग, मित्रांनो, मालकीण हळूच बाहेर येई. इकडे तिकडे बघत तीच ग्रीसगन उचलायची आणि पुटपुटायची, "यांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. विसरले म्हणजे?" माझं उजवं चाक भिंतीला लागून असे. त्या फटीत शेलाटे मालक शिरत, तिला काही ते जमत नसे. म्हणून ती डाव्याच चाकात आणखी सात-आठ दाब हाणायची. असं वर्षानुवर्षं चाललं. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं?

पुढे लेकीचं लग्न झालं. त्यानंतरच्या सहलीला दोघंच निघाले. वाटेत ब्रेक दाबला की दर वेळी माझं शेपूट थोडं डावीकडे सरकायचं. घाटाच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला. मालकांनी ब्रेक दाबला. माझ्या उजव्या चाकाने धरलं, डावं नुसतंच घरंगळत राहिलं, आणि माझं शेपूट डावीकडे फेकलं गेलं. दरीच्या कठड्याला घासून मी कसाबसा थांबलो. आतल्या कपबश्यांचा चुरा झाला.

मालकीण पांढरीफटक पडली होती. "तुमचे हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत हो," ती म्हणाली. "थरथरतात ते."

ती घाबरून बोलली. पण मालकांनी ते खरं मानलं. घरी आल्यावर ना त्यांनी मोटार चालवली, ना कोणाचं घड्याळ हातात घेतलं. दुकानाला कुलूप लागलं. अंगणात खुर्ची टाकून, दोन्ही हात समोर धरून बघत बसायचे. माझे टायर बसले, खिडकीत कोळ्याने संसार मांडला; पण माझं सोडा, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दोन वर्षांनी लेक आली. "बाबा, हा विकून टाकू या," ती म्हणाली. "पण आधी ब्रेक तपासून घेऊ. दुसऱ्याच्या जिवाशी खेळ नको."

तिने एका गॅरेजवालीला घाटातली आणि बाबांच्या हातांची हकीकत सांगून बोलावलं. बाई आली, पान्हे खाली ठेवले आणि आधी मालकांच्या समोर उभी राहिली.

"काका, ब्रेक दाबला की याचं शेपूट कुठल्या बाजूला जायचं?"

दोन वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"डावीकडे," मालक म्हणाले. "दर वेळी डावीकडेच."

"मग हातांचा काय संबंध? हात थरथरले असते तर कधी इकडे गेलं असतं, कधी तिकडे."

तिने जॅक लावून मला उचललं आणि दोन्ही चाकं फिरवली. लेकीने मोटारीत ब्रेक दाबला. उजवं चाक टक्कन थांबलं. डावं आपलं फिरतंय, फिरतंय. तारेत वीज येत होती, तिकडे दोष नव्हता. मग गॅरेजवालीने ड्रम उघडला.

"अगं बाई! पट्टे ग्रीसमध्ये न्हालेत नुसते, धरतील कसे? ग्रीस अडवणारं मागचं सील फुटलंय. एवढं ग्रीस भरलं कोणी?"

"मी भरतो. सहा दाब," मालक म्हणाले.

"सहाने सील फुटत नाही, काका."

मालकांचा चेहरा उतरला. "मग भरलेलं विसरलो असेन, आणि परत भरलं असेन."

लेकीने घाबरून आईकडे पाहिलं. आधी हात, आता डोकंही! मालकीण पायरीवर उभी होती. बोल बाई, बोल एकदाची, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो.

"ते नाही विसरले," ती शेवटी म्हणाली. "यांच्या मागून मी भरत होते. दर वर्षी. आणि हात गेले म्हणाले, तीही मीच."

गॅरेजवाली म्हणाली, "काकू, चाकालासुद्धा अजीर्ण होतं हो."

नवे पट्टे बसले, नवं सील बसलं, टायरांत हवा भरली. ती म्हणाली, "काका, आता तुम्हीच चालवून बघा." मालक आढेवेढे घेत होते, मालकीण मुकाट्याने शेजारी जाऊन बसली. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी तीनदा ब्रेक दाबला. तिन्ही वेळा मी सरळ, जागच्या जागी थांबलो.

मालकांनी हात स्टिअरिंगवरून काढून समोर धरले. मालकिणीने ते आपल्या हातात घेतले.

"थरथरतायत गं अजून," ते म्हणाले.

"थरथरतायत ते माझे हात," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवसानंतर मला विकायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. माझ्यासारख्या मुक्या वस्तूंना तेल-ग्रीस जरूर द्या, पण आधी कोणी दिलंय का, ते विचारून द्या. आणि तुमच्या घरात कोणाची गाडी वाकडी जायला लागली, तर त्याचे हात गेले असं म्हणायच्या आधी जरा खाली वाकून चाक बघा.