भरतीतली मोजणी

पुनवेच्या दुपारी खाडीला उधाण असतं, हे मला भास्करसरांनीच शिकवलं. "चिखलातले पक्षी बघायचे तर सुकती गाठायची, सावनी. भरतीत काय, पाणी मोजशील?" मी दहावी नापास, तरी माझ्या हातात पहिली दुर्बीण त्यांनीच दिली. आणि आमच्या पक्षीमंडळाची मोजणी त्यांनी ठेवली कधी? पुनवेला, भर दुपारी.

मोजणी साधी नव्हती. एका कंपनीला खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलात भराव घालून जेटी करायची होती. तिथे पक्षी आहेत की नाहीत हे लिहून द्यायचं काम कंपनीने सरांना दिलेलं. नाहीत म्हटलं की डंपर सुरू.

बांधावर उभं राहिलो तर समोर नुसतं पाणी. तिवराच्या शेंड्यावर एक बगळा.

"लिहा, बगळा एक," सर म्हणाले.

"सर, संध्याकाळी सुकतीला मोजू ना."

"लोकांना घरं आहेत गो. आणि पक्ष्यांना जागा कमी काय? मिरकरवाड्याच्या बंदरात जातील, फुकटची मासळी खातील."

सगळे हसले. वडे खाल्ले, सह्या केल्या, गेले. मी सही केली नाही. कुणी मागितलीही नाही.

मी तिथेच थांबले. उन्हं उतरली, पाणी मागे सरलं आणि ते आले. चिखले, तुतवार, वाकड्या चोचीचे कोरल. चिखलच चालायला लागलाय असं वाटावं, एवढे. मी कॅमेरा उचलला तोच मागे गाडी थांबली. सर! खांद्यावर मोठी लेन्स.

"प्रकाश बघ काय पडलाय!" म्हणत ते गुडघ्यांवर बसले.

"मग हे लिहा ना, सर."

"मोजणी दुपारी झाली. ही हौस."

"लाज नाही वाटत?"

"हळू बोल. उडतील."

मी पक्षी सोडले आणि मोबाइलवर सरांचाच फोटो काढला. पुढे चिखलभर पक्षी, कडेला लेन्सला डोळा लावलेले सर. तिथूनच मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'दुपारी इथे एक बगळा लिहून दिला. आता सर हे बघतायत.'

फटाफट उत्तरं आली.

'सरांची चिकाटी! दुपारी काही नव्हतं तरी थांबले.'

'सावनी, शिक जरा.'

सरांनी आपला फोन डोळ्यांजवळ नेला, फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"बरा आलाय गो," ते म्हणाले. "मूळ फोटो मला पाठव. अहवालाच्या कव्हरला चालेल."