भट्टी चालू असताना

माझ्या एडिटरला कोणी हात लावलेला मला खपत नाही. कोड लिहायचं ते साधन मी लग्नाच्या आधीपासून माझ्या हाताला बसेल असं घडवत आलेय. नवरा म्हणतो, "माझ्यापेक्षा त्याचे लाड जास्त." आहेतच मुळी!

नव्या साहेबांच्या डोळ्यांत मात्र ते खुपत होतं. सगळ्यांनी एकच साधन वापरायचं, असा त्यांचा फतवा. "ताई, सोमवारपासून तुमचा हा संसार बंद," म्हणत ते सरळ माझ्या खुर्चीतच बसले. पडद्यावर माझा अर्धवट लिहिलेला कोड होता. "आधी हे सेव्ह करू," म्हणाले, आणि मी "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत दोन बटणं दाबून मोकळे.

इतरांकडे त्या बटणांनी फाइल सेव्ह होते. माझ्याकडे कोड थेट चालू प्रोग्रामात जातो. आणि तो प्रोग्राम त्या वेळी टाइल्सच्या कारखान्यातली भट्टी सांभाळत होता. तो बंद पडला की आच विझणार आणि आतला सगळा माल तडकणार.

फोन वाजलाच. "बाई, तापमानाचा आकडा हलत नाहीये!" भट्टीवाले काका ओरडत होते.

साहेब पांढरेफटक. "बंद करून पुन्हा चालू करा!"

"अजिबात नाही. उठा आधी."

आमची प्रोग्राम लिहायची भाषा मोठी गुणाची. चुकीचं काही आलं की जीव सोडत नाही, जिथल्या तिथे थांबते आणि आता काय करू, असं विचारते. मी फोनवर म्हटलं, "काका, आच आहे तेवढीच राहील. कशाला हात लावू नका." मग अर्धवट कोड पुरा केला, तीच दोन बटणं दाबली आणि प्रोग्रामला पुढे जायला सांगितलं.

"हलला, हलला! माल वाचला, बाई!"

अभिमान म्हणा की माज, पण माझी मान अशी ताठ झाली की विचारू नका.

साहेबांनी घाम पुसला. "बरं, राहू द्या तुमचा संसार. पण ती दोन बटणं तेवढी बदला."

"बटणं तशीच राहतील, साहेब," मी म्हणाले. "तुमची बोटं तेवढी लांब ठेवा."